जुगाड म्हणू नका

जुगाड हा शब्द हल्ली फार लाडानं वापरला जातो, म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते. शिवी असती तर परतवता आली असती. हे कौतुक आहे, आणि कौतुकाला उलट उत्तर देणारा माणूस आपल्याकडे आगाऊ ठरतो. तरी देतो. वय झालंय, आता आगाऊ ठरलो म्हणून कोण कुठली पोरगी द्यायची राहिलीय!

मोटारसायकलच्या इंजिनावर पाण्याचा पंप चढवला, तुटलेला सायलेन्सर तारेनं आवळला, टीव्हीच्या अँटेनाला ताट बांधलं. हे जुगाड. वेळ भागली, उद्याचं उद्या बघू. त्यात हुशारी आहे, नाही म्हणत नाही. 2012 साली ‘जुगाड इनोव्हेशन’ नावाचं इंग्रजी पुस्तक आलं, तेव्हापासून तर कंपन्यांच्या सायबांनाही या शब्दाचा उमाळा येतो. येवो. माझं भांडण त्यांच्याशी नाही. माझं भांडण आहे ते या शब्दाच्या पिशवीत माझ्या आज्याचं कसब कोंबणाऱ्यांशी.

आमचं घर चांभारवाड्यातलं. कोल्हापूर जिल्ह्यातलं, पंचगंगेच्या अंगाचं गाव. माझा आजा, त्याला आम्ही आबा म्हणायचो, ओल्या कातड्याला आकार द्यायचा. वहाणा तर करायचाच, पण त्याशिवाय कोयत्याची आणि कुऱ्हाडीची म्यानं, न्हाव्याची धोकटी, बैलांच्या गळ्यातले चामडी पट्टे, तराजूची पारडी, तंबाखूच्या चंच्या, आणि मोटा होत्या तोवर मोटांची सोंड. या सगळ्याला साचा लागतो. आबाकडे साचे विकत घ्यायला पैसे नव्हते, आणि असते तरी विकायला कुठं होते? म्हणून त्याचे साचे म्हणजे लोट्याचं बूड, नारळाची करवंटी, जात्याची तळी, नदीची वाळू, सुताराकडून मागून आणलेले फळीचे तुकडे. बघणाऱ्याला वाटतं, सापडेल ते घेतलं आणि काम भागवलं. तिथंच बघणारा फसतो.

सापडेल ते घेत नव्हता. अख्ख्या घरातून, अख्ख्या गल्लीतून एक वस्तू निवडून घेत होता, आणि का घेतली ते त्याला सांगता येत होतं.

पारडीचंच घ्या. चपट्या कातड्याची वाटी करायची म्हणजे कडेला चुण्या पडणार, हे पोळी वाटीवर पालथी घातलेली बाईसुद्धा सांगेल. गोल बूड असलेल्या लोट्यावर ओलं कातडं ताणलं की मधला भाग बसतो आणि जादा झालेलं सगळं कडेला गोळा होतं. ते जिरवायचं कुठं? आबा एका बाजूनं ओढायचा नाही. इकडं एक ओढ, लगेच समोर एक ओढ, मग त्यांच्या मधोमध, पुन्हा समोर. मांगवाड्यात हलगी मढवतात ती याच हिशेबानं. मग काथ्याच्या दोरीचे वेढे, वरून खाली, एकाला एक चिकटून. उरलेल्या चुण्या ओल्या असतानाच मोगरीनं हळूहळू ठोकून एकमेकींत मिसळायच्या. जोरात ठोकलं तर कातडं पातळ होतं, वाळल्यावर ठोकलं तर तडकतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कातडं कुठल्या जागेचं घेतलं. पाठीचं कातडं घट्ट, ताणायला नाखूश. पोटाचं सैल, ताणलं की येतच जातं. पारडीला आबा पाठ आणि पोट यांच्या मधली पट्टी काढायचा. “पाठ ऐकत न्हाई, प्वाट लई ऐकतंय. मधलं शाणं असतंय,” असं त्याचं म्हणणं. ही अक्कल पुस्तकात इंग्रजीत लिहिली की तिला मटेरियल सायन्स म्हणतात.

आता पाणी. आमच्या दारात दगडाची कुंडी होती. तिच्यात कातडं टाकलं की बारीक बुडबुडे निघायचे. बुडबुडे थांबले म्हणजे पाणी आतपर्यंत गेलं. शिकाऊ पोरगा तिथंच कातडं उचलून साच्यावर ओढतो. आबा ते बाहेर काढून ओल्या किलतानात गुंडाळून रात्रभर ठेवायचा. सकाळी बाहेरचा रंग पुन्हा फिका व्हायला लागलेला असायचा, आत मात्र थंडावा. मग नखाची परीक्षा. अंगठ्याचं नख दाबायचं. ठसा उमटला आणि पाणी सुटलं नाही तर कातडं तयार. पाणी सुटलं तर अजून थांब. ठसाच उमटला नाही तर परत कुंडीत. घड्याळ नाही, मोजमाप नाही, पण उन्हाळ्यातली रात्र आणि पावसाळ्यातली रात्र यांतला फरक या नखाला बरोबर कळायचा. मी शाळेत असताना हे नख शिकलो, गणितातलं सरळव्याज त्याच्यानंतर.

का होतं असं? बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या कातड्यात या झाडांचा तुरट रस तंतूंना धरून बसलेला असतो. पाणी शिरलं की तंतूंची एकमेकांवरची पकड ढिली होते, ते सरकतात. ज्या जागी सरकले त्या जागी वाळू दिलं की तिथंच पकड बसते. म्हणून आकार राहतो. सावलीत, सावकाश. घाईनं उन्हात टाकलं तर वरचा थर आधी आक्रसतो, आतला ओला राहतो, आणि वाटी वाकडी होते. गरम पाण्यानं काम लवकर होईल असं कुणाला वाटलं तर आबा उकळत्या पाण्यात एक चिंधोटी टाकून दाखवायचा. ती डोळ्यांदेखत सुकलेल्या बोरासारखी व्हायची. एवढ्यानं पोरगं जन्मभराचं शहाणं व्हायचं.

कोयत्याच्या म्यानाचं तर वेगळंच. तिथं साचा म्हणजे तो कोयताच. पण ओलं कातडं आणि लोखंड यांची गाठ पडली की कातडं काळंनिळं पडतं. हिरड्याचा रस आणि लोखंड भेटले की शाई होते. हिरडा आणि हिराकस घालून काळी शाई करत त्यातलीच ही करणी. आबा कोयत्याला एरंडेल चोपडायचा, त्यावर मेणकापड, आणि मगच कातडं. मेणकापड नसेल तर सुताराला कोयत्याच्या मापाची फळी कापायला लावायची आणि तीच आत घालायची. खिळे म्हणाल तर लोखंडी कधी नाही. पितळेच्या चुका मिळाल्या तर त्या, नाहीतर बाभळीचे वाळलेले लांब काटे. शहरातल्या एका माणसानं हे ऐकून टाळ्या वाजवल्या, “वा, काट्यांचा जुगाड!” अहो, काटा हा खिळ्याच्या ऐवजी आलेला गरीब पाहुणा नव्हता. त्या जागी खिळा चुकीचा होता आणि काटा बरोबर. शिवाय ज्या झाडाच्या सालीनं कातडं कमावलं त्याच झाडाचा काटा. डाग पडायचा प्रश्नच नाही. पैसे असते तरी आबानं तिथं लोखंड वापरलं नसतं.

काटे टोचून झाले की म्यान दोन फळ्यांत धरायचं, वर जात्याची तळी ठेवायची. धारेच्या कडेनं म्हशीच्या शिंगाचा गुळगुळीत तुकडा घासून रेघ उठवायची, म्हणजे कोयता आत गेला की ‘टक्’ करून बसतो, उलटा केला तरी पडत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या कमरेला लटकणारी ही वस्तू. ती सैल असली तर काय होईल हे मी सांगायला नको.

वाळूचंही सांगून टाकतो. अवघड आकाराची पिशवी, जिच्या आत लोटा जाणार नाही आणि गेला तर बाहेर येणार नाही, तिच्यात कोरडी बारीक वाळू ठासून भरायची. माझ्या आत्तीनं एकदा विचारलं होतं, ज्वारी का नको, वाळूपेक्षा हलकी की. आबा म्हणाला, “ज्वारी पाणी पिऊन फुगती, शिवण उसवती. वाळू पाणी पिती आन गप बसती.” राजस्थानात बिकानेरला उंटाच्या कातड्याच्या कुप्या करतात, त्यांना आत मातीचा गाभा असायचा. वर कातडं वाळलं की माती फोडून, धुऊन काढायची. आबानं बिकानेर नकाशातसुद्धा पाहिलं नव्हतं. पण हजार मैलांवरची दोन माणसं एकाच उत्तरावर येतात तेव्हा त्याला योगायोग म्हणायचं की शास्त्र, हे तुम्हीच ठरवा. आपल्याकडेही तेला-तुपाचे चामडी बुधले होतेच की. शब्द अजून शिल्लक आहे, वस्तू गेली.

आणि पाय. गावाचे पाय हा आबाचा मोठा खजिना होता. लाकडी फर्मा, ज्याला जुनी माणसं कलबूत म्हणायची, असे आमच्याकडे मोजून तीन. गाव हजार-बाराशेचं. मग काय करायचं? ज्याच्या अंगठ्याच्या मुळाशी गाठ आहे त्याच्यासाठी फर्म्यावर तेवढ्याच जागी कातड्याची चकती चिकटवायची. ज्याचा पंजा रुंद, त्याच्यासाठी दोन्ही कडांना पट्ट्या. एका गड्याची दोन बोटं चरकात गेली होती. त्याच्या वहाणेला आबानं अंगठ्याची कडी आत सरकवून अशी बसवली की तो माणूस मरेपर्यंत लंगडला नाही. मापं सगळी सुतळीच्या गाठींवर. खुंटीला सुतळ्यांचा झुपका लटकायचा, आणि कुठली सुतळी कुणाची हे आबाशिवाय कुणाला कळायचं नाही. शेवटचा आकार मात्र फर्मा देत नाही, पाय देतो. पट्टा ओलसर असताना गिऱ्हाईकाच्या पायावर बसवायचा, तेल पाजायचं, आणि दोन दिवस पायात घालून फिर म्हणायचं. तळवा पायाचा ठसा घ्यायचा. म्हणून एकाची कोल्हापुरी दुसऱ्याला चावते. दुकानात नऊ नंबर मागून घेणाऱ्याला हे कसं कळावं!

आता कुणी म्हणेल, एवढं कौतुक आहे तर तुम्ही मास्तर कशाला झालात? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर साधं आहे. ज्या आबाला गावातल्या प्रत्येक पायाची गाठ पाठ होती, त्याला पाटलाचा दहा वर्षांचा पोरगा अरे-तुरे करायचा आणि आबा त्या पोराला “धाकलं मालक” म्हणायचा. माप घेताना पायाला हात लावायचा तो अंगणाच्या खाली बसून. प्यायचं पाणी वरून ओंजळीत. बलुतं सुगीला, तेही शेवटी, खळ्यावर उभं राहून, मागून. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढायची नाहीत, मेलेलं खायचं नाही असं सांगितलं, ते काही कामाचा कंटाळा म्हणून नव्हे. माझ्या बानं मला रापी धरू दिली, पण पाटी आधी धरायला लावली, आणि त्यानं केलं ते बरोबर केलं. त्यामुळं “जुनी गोड बलुतेदारी” असं कुणी लिहिलं की माझ्या तोंडाची चव जाते. माझ्या आठवणींत कातड्याचा वास आहे, तसा या अपमानाचाही आहे, आणि दोन्ही एकमेकांत मुरलेत. मला ती व्यवस्था परत नको. मला फक्त एवढंच म्हणायचंय की अपमान सोडताना अक्कलही आमची नव्हती असं कुणी ठरवू नये.

आणि नेमकं तेच चाललंय.

काही वर्षांमागं मला पुण्यातल्या एका कार्यशाळेला बोलावलं होतं. हौशी मंडळी, चांगल्या घरातली, स्वभावानं मोकळी. ‘वेट मोल्डिंग’ शिकवत होते. एका माणसाची दोन दिवसांची फी आमच्या गल्लीतल्या एका घराच्या महिन्याच्या किराण्याएवढी. शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं की हे तंत्र युरोपातून आलंय, आणि आपल्याकडे घरच्या घरी ‘जुगाड’ करून कसं जमवायचं ते आपण पाहू. मग स्वयंपाकघरातली वाटी, लाकडी पाट, कपडे वाळत घालायचे चिमटे. युरोपात पूर्वी चामड्याच्या बाटल्या आणि चिलखतं घडवत, हे खरं आहे. ते मी नाकारत नाही. पण कोल्हापूरच्या कातड्यावर, पुण्यात बसून, मराठीतून शिकवताना या मातीतल्या कारागिराचं नाव फक्त जुगाडाच्या रकान्यात यावं? मी हात वर करून विचारलं, “बाई, कातडं कुठून आणलं?” त्या म्हणाल्या, ऑनलाइन. मी नख दाबून बघितलं. क्रोमचं होतं. दोन दिवस त्या मंडळींनी मन लावून वाट्या केल्या, आणि तिसऱ्या दिवशी त्या वाट्या पुन्हा सपाट झाल्या असणार. क्रोमचं कातडं उकळत्या पाण्यातही तग धरतं, रबरासारखं ताणलं तरी जागेवर येतं. त्याचा तो गुण आहे. बुटाच्या वरच्या भागाला, पर्सला, जाकिटाला झकास. पण त्याला साच्याची आठवण राहत नाही.

ही गोष्ट मी हसण्यासाठी सांगत नाही, कारण यातच सगळं मरण आहे. ओल्या कातड्याला आकार द्यायचं कसब चांभाराच्या हातात, पण ते ढोराच्या कमावण्यावर उभं. कातडी चुन्यात घालून केस काढायचे, मांस खरडायचं, मग पखालीसारखी शिवून टांगायची आणि आत बाभळीच्या सालीचं, हिरड्याचं पाणी भरत राहायचं. आठवडेच्या आठवडे. वास, घाण, हात फाटायचे. क्रोमनं तेच काम दिवसा-दोन दिवसांत होतं. जगातलं बहुतेक कातडं आज क्रोमचं आहे. ढोरगल्लीतली कुंडं बंद पडली, कुणाच्या पोराला ते करायचं नाही, आणि मी कुठल्या तोंडानं त्याला कर म्हणू? मी स्वतः केलं नाही. पण कुंडं बंद पडल्यावर बाजारात येतं ते कातडं साच्यावर बसत नाही. मग चांभाराचं नख काय करणार? तो आता कापतो, सोल्युशन लावतो, चिकटवतो. चिकटवणाऱ्याला चिकटवण्याचीच मजुरी.

त्यात 2015 च्या मार्चात महाराष्ट्रात बैल आणि वळूच्या कत्तलीवर बंदी आली. म्हैस-रेडा त्या बंदीत नाही, पण रात्रीच्या वेळी टेंपो अडवून काठी आपटणाऱ्याला हे कायद्याचं कलम वाचून दाखवायला कोण उतरणार? 2016 साली गुजरातेत उन्याला मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित पोरांना गाडीला बांधून मारलं, ते सगळ्या देशानं पाहिलं. आमच्या गल्लीनंही पाहिलं. त्यानंतर कातडं आणायला जाणाऱ्याची आई दारात उभी राहते. पुरवठा असा तुटतो. सरकारी अहवालात तो ‘कच्च्या मालाची टंचाई’ म्हणून येतो.

दुसरीकडं 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. चांगलं झालं. 2025 च्या जूनमध्ये इटलीतल्या प्राडानं मिलानला तशाच चपला पुरुषांच्या पायात घालून चालवल्या, आधी कोल्हापूरचं नाव न घेता, ओरड झाल्यावर मग घेऊन. तेव्हा आपल्याकडे अस्मितेचा जो धुरळा उठला त्यात वर्तमानपत्रंच्या वर्तमानपत्रं बुडाली. मीही वाचली. चपलेचा आकार आमचा, वेणी आमची, नाव आमचं. एकाही ठिकाणी मला “ते कातडं कमावतं कोण आणि आज त्याला रोज किती पडतो” हा प्रश्न दिसला नाही. मानांकन नावाला कुंपण घालतं. नखाला घालत नाही. परक्यानं चोरलं म्हणून गळा काढणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या तालुक्याच्या गावी चांभाराशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस केली नसेल?

आमच्यातल्या शिकलेल्या पोरांवरही माझा राग आहे, तो लपवत नाही. काहींना हा धंदा आठवलेलाच नको असतो. आडनाव बदललं, गल्ली बदलली, ठीक आहे, ज्याला जसं जगणं सोपं होईल तसं त्यानं जगावं. पण मग तेच मुंबईच्या प्रदर्शनात ‘हँडमोल्डेड’ पाटी लावलेला चामडी ट्रे चार हजारांना घेतात आणि मला फोटो पाठवतात, “काका, किती युनिक आहे बघा.” अरे बाबा, तुझ्या पणज्यानं असली पारडी वाण्याला पायलीभर जोंधळ्यावर दिली होती!

मी यंत्राच्या विरुद्ध नाही. चेन्नईत 1948 पासून मोठी चर्म संशोधन संस्था आहे, तिथल्या लोकांना हिरड्यातला एकेक रस माहीत आहे, त्यांच्याकडून शिकावं. साचा लाकडाचा असो, सिमेंटचा असो, की हल्ली छापून काढतात तो प्लॅस्टिकचा असो. मी स्वतः पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर चष्म्याची घरं करतो, आबाला तो पाइप मिळाला असता तर त्यानं लोटा फेकून दिला असता. प्रश्न साच्याचा नाहीच. साचा निवडणारा माणूस शिकलेला धरायचा की नशिबानं जमलेला, हा प्रश्न आहे. शिकलेला धरला तर त्याला शिकवायला बोलवावं लागतं, खुर्ची द्यावी लागते, मानधन द्यावं लागतं. जुगाडू धरला तर टाळ्यांत भागतं. शिबिरांतून कारागिराला ‘आधुनिक प्रशिक्षण’ देतात, हातोडी-कात्रीची पेटी देतात, फोटो काढतात. त्याच शिबिरात एक दिवस त्यानं शिकवावं आणि चर्मशास्त्राच्या पदवीधरांनी पुढं बसून वही काढावी, असं मी एका अधिकाऱ्याला सुचवलं होतं. भला माणूस होता. म्हणाला, “सर, त्यांच्याकडे सर्टिफिकेट नाही ना.” मी म्हटलं, गाव लंगडत नव्हतं, हे सर्टिफिकेट चालेल का? तो हसला. मी हसलो नाही.

माझा पुतण्या अजून हे काम करतो. दिवसभर कुरियर वाटतो, रात्री आणि रविवारी कातडं. मदुराईकडून झाडाच्या सालीत कमावलेलं मागवतो, महाग पडतं, पण साच्यावर बसतं. गेल्या वर्षी शहरातल्या एका दुकानवाल्यानं त्याला चाळीस ट्रे सांगितले. नमुना पाहून खूश. मग भाव ठरताना म्हणाला, “मशीन तर काही नाही तुझ्याकडे, सगळा जुगाडच आहे, मग एवढा रेट कसा?” पोरानं माझ्यासारखं भाषण दिलं नाही. त्यानं बिलाच्या कागदावर कातडं लिहिलं, शिलाई लिहिली, आणि खाली वेगळी ओळ घातली : साचा ठरवणे व बसवणे, नगास साठ रुपये. दुकानवाल्यानं पेन काढून ती ओळ खोडली. पुतण्यानं कागद उलटा केला, कोऱ्या बाजूला पहिल्यापासून सगळं पुन्हा लिहिलं, आणि त्या ओळीत साठाचे सत्तर केले. माल अजून त्याच्या घरातच पडून आहे.